तिसरी ओळ मागे घे, पहिल्या दोन नको

काकू, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, वय २६. बी.कॉम. झालो आणि वडिलांबरोबर द्राक्षबाग बघतो. आमच्या वस्तीकडं जाणारा काँक्रीट रस्ता ग्रामपंचायतीनं मार्चमध्ये केला, जूनमध्ये तो उखडला. मी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकले आणि खाली चार ओळी लिहिल्या: "तीन महिन्यांत रस्त्याची खडी वर आली, बघा फोटो. असलं भिकार काम मी जन्मात बघितलं नाही. सरपंचबाई आणि ठेकेदारानं मिळून अडीच लाख खाल्ले. चूल सोडून बाईमाणूस खुर्चीवर बसवल्यावर दुसरं काय होणार." त्याखाली एका मित्रानं सरपंचबाईंच्या जातीवरून काहीतरी लिहिलं, त्याच्याशी माझा संबंध नाही. रात्री सरपंचबाईंच्या मालकांचा फोन आला, "६६ अ लावून आत टाकतो." ग्रुपचा अॅडमिन माझा चुलतचुलता, त्यानं घाबरून मलाच ग्रुपमधून काढलं. आठवड्यानं वकिलाची नोटीस आली. सरपंचबाई आणि ग्रामपंचायत, दोघांची बदनामी केली म्हणून पंधरा दिवसांत लेखी माफी आणि पाच लाख मागितलेत. पोलीस पाटील सांगून गेले की ठाण्यात बोलावलंय. वडील म्हणतात, पाय धर आणि मिटव. मी म्हणतो, घटनेनं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय, मग माफी कशाची? स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. कोणाचं बरोबर ते सांगा.

पोरा,

आधी नोटीस तुझ्या हातात कुठल्या दिवशी पडली ते बघ. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो. पाकीट फेकलं असशील तर कचऱ्यातून काढ. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, समोरच्या वकिलानं आपल्या अशिलाच्या वतीनं लिहिलेला कागद. पंधरा दिवस उलटले म्हणून कोणी तुझी बाग जप्त करायला येत नाही. पण गप्प बसलास, तर उद्या "संधी दिली होती, साधं उत्तरसुद्धा दिलं नाही" हे कोर्टात तुझ्याविरुद्ध वाचलं जाईल. तासगावात कोर्ट आहे, तिथला एखादा वकील गाठ आणि उत्तर धाड. उत्तरात काय लिहायचं ते खाली येतंच आहे.

तीस वर्षं सांगलीच्या कोर्टात काळा कोट घातला. "घटनेनं स्वातंत्र्य दिलंय" हे किती अशिलांच्या तोंडून ऐकलं याची गणती नाही. बहुतेकांनी कलम १९ चा पहिला अर्धा वाचलेला असायचा आणि समोरची पार्टी दुसरा अर्धा पाठ करून यायची. १९(१)(अ) म्हणतं, प्रत्येक नागरिकाला भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. १९(२) म्हणतं, काही ठरावीक कारणांसाठी राज्याला कायदा करून त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील. ती कारणं मोजून आठ आहेत: देशाचं सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. यातली सगळी पहिल्यापासून नव्हती. सुव्यवस्था, परराष्ट्रमैत्री आणि चिथावणी १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आली, कारण १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वृत्तपत्रांवरची बंधनं दोन खटल्यांत रद्द केली आणि सरकारला ते झोंबलं. सार्वभौमत्वाचं कारण १९६३ मध्ये आलं. मात्र १९५१ च्या त्याच दुरुस्तीत 'वाजवी' हा शब्दही घातला गेला, आणि तेव्हापासून सरकारच्या प्रत्येक निर्बंधाला कोर्टात याच एका शब्दाच्या गाळणीतून जावं लागतं.

आता ती यादी पुन्हा वाच. "गावाची इज्जत गेली" त्यात नाही. "सरपंचांना राग आला" नाही. "भावना दुखावल्या" हे शब्दसुद्धा नाहीत. पण बदनामी आहे. तू आणि नोटीस पाठवणारा वकील या एका शब्दाच्या दोन बाजूंना उभे आहात.

तू आणि वडील, दोघंही त्या चार ओळींकडं एकच वस्तू म्हणून बघताय. तू सगळ्या चार राखायला निघालास, ते सगळ्या चार मागे घ्यायला. कोर्ट असं बघत नाही, मीही बघणार नाही.

पहिली ओळ: तीन महिन्यांत खडी वर आली. ही वस्तुस्थिती आहे आणि फोटो आहेत. अब्रुनुकसानीचं फौजदारी कलम जुन्या दंड विधानात ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. त्याचा पहिलाच अपवाद सांगतो की गोष्ट खरी असेल आणि ती सांगण्यात लोकांचं हित असेल, तर बदनामी होत नाही. नुसतं खरं असून फौजदारीत भागत नाही, दोन्ही लागतं. इथं दोन्ही आहे, कारण रस्ता सरकारी पैशाचा आणि त्यावरून माल तुमचा जाणार. हादऱ्यानं क्रेटमधले मणी गळाले तर व्यापारी कोणाच्या पट्टीतून पैसे कापतो, हे तुला मी सांगायला नको. मूळ फोटो मोबाइलमध्ये तसेच ठेव, काटछाट करू नकोस.

दुसरी ओळ: असलं भिकार काम जन्मात बघितलं नाही. हे तुझं मत. सार्वजनिक कामाबद्दल प्रामाणिकपणे मत मांडायला त्याच कलमात वेगळा अपवाद आहे. मत गोड असलं पाहिजे अशी अट कुठंही नाही. या दोन ओळींसाठी माफी माग असं कोणी म्हटलं तर मागू नकोस, वडील म्हणाले तरी.

तिसरी ओळ वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला. अडीच लाख! हा आकडा कुठून आणलास? पत्रात एक शब्द नाही. पारावर कोणी बोललं असेल, किंवा ठेकेदाराच्या नव्या गाडीकडं बघून तूच हिशोब मांडला असशील. एखाद्यानं पैसे खाल्ले असं लिहिणं म्हणजे त्याच्यावर गुन्ह्याचा आरोप करणं, आणि तो खरा आहे हे दाखवायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. पुढं "म्हणे" जोडलं, "असं ऐकलंय" म्हटलं, शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं, तरी सुटका नाही. अफवा दुसऱ्याच्या तोंडची असली तरी लिहिणारा हात तुझा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेचाही पर्याय आहे. बदनामीसाठी तुरुंग असू नये, पैशाची भरपाई पुरे, असं माझं स्वतःचं मत आहे. पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं हे कलम घटनेत बसतं असा निकाल दिला, तेव्हा माझं मत माझ्यापाशी.

तुमच्या तालुक्यातल्या काही गावांना ज्या टेंभू योजनेचं पाणी मिळतं, ते टेंभू म्हणजे कऱ्हाडजवळचं गोपाळ गणेश आगरकरांचं गाव. १८८२ मध्ये 'केसरी'नं कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर आरोप केले. कोल्हापूरच्या अल्पवयीन महाराजांचा छळ होतोय, त्यामागं बर्वे आहेत, असा सूर होता आणि आधाराला पत्रं होती. टिळक आणि आगरकरांना ती खरी वाटली. खटला उभा राहिला आणि पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांच्यापाशी निदान कागद तरी होते, तुझ्यापाशी पार आहे. आणि हो, आगरकर तेव्हा २६ वर्षांचे होते.

आणखी एक गोष्ट. रस्त्याचं बिल निघतं ते मोजमाप पुस्तिकेवरून, तुम्ही जिला एमबी म्हणता. त्यातली मापं अभियंता लिहितो आणि सही त्याची असते, सरपंचाची नाही. काँक्रीटमध्ये सिमेंट कमी पडलं असेल आणि कागदावर पुरेपूर दाखवलं असेल, तर पहिला प्रश्न तिथं विचारायला हवा. समज, पैसे खरंच कोणीतरी खाल्लेत. तरी तू नेम कोणावर धरलास, कागद न बघता?

या ओळीत तुला थोडी जागा आहे, तीही सांगते. १९९४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पदावरच्या माणसाच्या सरकारी कामाबद्दल लिहिणाऱ्यानं वाजवी पडताळणी करून लिहिलं असेल, तर मजकुरात चूक निघाली तरी भरपाईच्या दाव्यात त्याला बचाव आहे. तू पडताळणी केली असतीस तर आज माझी भाषा वेगळी असती. त्याच निकालात असंही आहे की सरकार आणि स्थानिक संस्थांना आपल्या बदनामीबद्दल भरपाईचा दावा लावता येत नाही. म्हणजे नोटिशीतला "ग्रामपंचायतीची बदनामी" हा अर्धा भाग हवेत आहे. तुझ्या वकिलाला हे पहिल्या परिच्छेदात लिहायला सांग. सरपंचबाई व्यक्ती म्हणून दावा लावू शकतात. दिवाणी दाव्याला त्यांना एक वर्ष आहे, फौजदारी तक्रारीला तीन.

चौथी ओळ. गंमत अशी की मला चारीत सगळ्यात घाणेरडी वाटली ती हीच, आणि कायद्याच्या तावडीत सापडायची शक्यता तिसरीपेक्षा हिचीच कमी. समोरचा वकील स्त्रीचा अपमान म्हणून ताणायचा प्रयत्न करील, टिकेल असं मला वाटत नाही. घटनेनं मूर्खपणाच्या बोलण्यालाही संरक्षण दिलंय आणि ते तसंच हवं, नाहीतर शहाणपण कोणी ठरवायचं यावरच मारामारी होईल. पण मी वकील म्हणून गप्प बसले तरी काकू म्हणून नाही बसणार. रस्ता उखडला तो काँक्रीटमुळं. तुमच्या गावात आजवर पुरुष सरपंच झाले, तेव्हा रस्ते काय आरशासारखे होते? २०११ पासून आपल्याकडं निम्म्या जागा बायकांच्या आहेत. काही ठिकाणी खुर्चीवर बाई आणि कारभार नवऱ्याच्या हातात, हे मला माहीत आहे. तुला फोन कोणाचा आला? "मालकांचा." मग तुझी तक्रार त्या बाईच्या बाई असण्याबद्दल होती की तिला कारभार करू न देणाऱ्याबद्दल? तुझ्या आईला ही ओळ वाचून दाखवलीस का?

आता ज्याच्याशी तुझा संबंध नाही म्हणतोस, ती मित्राची ओळ. दुसऱ्याच्या मेसेजसाठी तू आपोआप गुन्हेगार होत नाहीस. अगदी अॅडमिनसुद्धा होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुराला अॅडमिन जबाबदार नाही, दोघांचा मिळून तसा बेत असल्याशिवाय. तुझ्या चुलतचुलत्याला हे कळव, बिचाऱ्याला झोप लागेल. पण तू पाठवलेला तिसरा स्क्रीनशॉट मोठा करून बघ. मित्राच्या ओळीखाली हसणारे दोन चेहरे आहेत. त्यावर बोट दाबलं की नावं दिसतात, आणि स्क्रीनशॉट काढताना तू ते दाबलेलं आहेस. दुसरं नाव तुझं आहे.

सरपंचबाई अनुसूचित जातीच्या असतील, तर हे प्रकरण बदनामीचं राहत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात आणि अटकपूर्व जामिनाची वाट त्या कायद्यानं जवळपास बंद केली आहे. त्या हसण्यावरून तुला शिक्षा होईलच असं मी म्हणत नाही, पण तुझ्या मित्राला आजच्या आज वकिलाकडं पाठव आणि तुझ्या वकिलापासून तो चेहरा लपवू नकोस. अशिलानं लपवलेली गोष्ट समोरच्या वकिलाच्या तोंडून ऐकण्यासारखं दुखणं नाही. मी दोनदा भोगलंय.

६६ अ चं भूत मात्र उतरव. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, तिथून ते प्रकरण पेटलं. कलम मेलं, धमकी जिवंत राहिली.

ठाण्यातल्या बोलावण्याचं असं: बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यात तपास करता येत नाही. खरी तक्रार करायची तर सरपंचबाईंनी स्वतः कोर्टात जायचं, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखल घेण्याआधी कोर्ट तुझंही म्हणणं ऐकणार. म्हणून तोंडी निरोपावर एकटा जाऊ नकोस. "लेखी नोटीस द्या, वकिलाला घेऊन येतो" एवढंच नम्रपणे सांग. अरेरावी नको, तिथला अंमलदारही वरून सांगितलं म्हणून बोलावतो. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले ठाण्यात एका प्राध्यापकावर व्हॉट्सअॅप स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला होता. ३७० कलम हटवल्यावर त्यानं टीका केली होती. उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला, पण मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला आणि पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे अशा अर्थाचं सुनावलं. मात्र तिथपर्यंत पोचायला त्या माणसाला दिल्ली गाठावी लागली, हेही लक्षात ठेव.

ग्रुपमधून काढलं हा घटनेवर घाला आहे का, असं तू सरळ विचारलं नाहीस, पण पत्रात तो सूर आहे. नाही. कलम १९ प्रामुख्यानं राज्याच्या विरुद्ध आहे, चुलतचुलत्याच्या नाही. त्याचा कट्टा, तो कोणालाही उठवील. हां, या पोस्टवरून ग्रामपंचायतीनं तुझा दाखला अडवला किंवा नळ तोडला, तर ते राज्यानं केलेलं ठरतं. तसं काही झालं तर दुसरं पत्र नको, थेट फोन कर.

तेव्हा उत्तरात हे जाऊ दे: पहिली आणि दुसरी ओळ कायम. तिसरी, "माझ्याकडे पुरावा नसताना लिहिली, ती मागे घेतो आणि त्याबद्दल दिलगीर आहे." पैशाची मागणी अमान्य. तिसरी ओळ मागे घेतल्याचा मजकूर त्याच ग्रुपवर चुलतचुलत्याकरवी टाकायचा, कारण वाचली तिथंच ती मागे घ्यायला हवी.

आणि त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपये फी, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. मागायचं काय? रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, अदा केलेली देयकं, आणि ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी किती याची प्रत. हे शेवटचं विसरू नकोस. तो काळ संपला नसेल, तर ठेकेदाराला रस्ता स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि तुला मुळात रस्ताच हवा होता ना? ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. कागद हातात आले की ग्रामसभेत उभं राहून वाचून दाखव. तिथं बोललेलं इतिवृत्तात जातं, ग्रुपवरून काढता येतं तसं तिथून काढता येत नाही. कागदात पैसे खाल्लेले निघालेच, तर तीच तिसरी ओळ आकड्यासकट पुन्हा लिही, मी स्वतः तुझं वकीलपत्र घेते.

वडिलांवर चिडू नकोस. त्यांना त्याच सोसायटीत कर्ज मागायचंय, त्याच चारीवरून पाणी घ्यायचंय. पाय धरायची गरज नाही, पण त्यांना बरोबर घेऊन सरपंचबाईंकडं जा आणि चौथ्या ओळीबद्दल माफी माग, आणि मित्राच्या ओळीवर हसलास त्याबद्दलही. नोटिशीसाठी नव्हे आणि लेखीही नव्हे. फक्त जायच्या आधी वकिलाच्या कानावर घाल. दार त्यांच्या मालकांनी उघडलं आणि "बोला, काय काम आहे" म्हणाले, तर "सरपंच आहेत का घरात?" असं विचार आणि त्या बाहेर येईपर्यंत पायरीवर थांब.